एमसीआय असलेल्या आई-बाबांसाठी घरचा कार्यक्रम: आधी काय, नंतर काय

'एमसीआय आहे, डिमेन्शिया नाही. व्यायाम, आहार, डोक्याला काम द्या. सहा महिन्यांनी दाखवा.' आई-बाबांच्या विसरण्याबद्दल डॉक्टरांकडून एवढं ऐकून घरी आलं की पुढचा आठवडा बहुतेक घरांत सारखाच जातो. मुलगा सुडोकूचं पुस्तक आणतो, सून बदाम भिजत घालते, पुण्याची लेक ब्राह्मीच्या गोळ्या कुरिअर करते आणि सोमवारी पहाटे बाबांना नेहरू पार्कात चालायला धाडलं जातं. महिना उलटायच्या आत गुडघे दुखतात, सुडोकू धूळ खातं आणि घरात सगळेच एकमेकांवर चिडलेले असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मी इंदूरात घरोघरी जाऊन ज्येष्ठांना व्यायाम शिकवते. माझ्या मते चूक प्रयत्नांत नसते, क्रमात असते. लोक डोक्यापासून सुरुवात करतात. खरं तर आधी कान, रक्तदाब आणि गोळ्यांची पिशवी, मग पाय, मग ताट आणि त्यानंतर डोक्याचं काम, असं जायला हवं.

हा लेख फक्त एमसीआय, म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, असं निदान झालेल्यांसाठी आहे. यात विसरणं वयाच्या मानानं जास्त असतं, पण आंघोळ, स्वयंपाक, बँक, भाजी हे सगळं माणूस स्वतः निभावतो. स्मृतिविकारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या अशा रुग्णांपैकी साधारण 10 ते 15 टक्के दरवर्षी डिमेन्शियाकडे, म्हणजे रोजची कामंही स्वतः निभावता न येण्याकडे, जातात. बाकीचे बरेच जण आहेत तिथेच राहतात आणि काहींची तर पुढची तपासणी नॉर्मलही येते. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण 'वय झालं की होतंच' म्हणून बसून राहणंही बरोबर नाही.

## टप्पा 1: गोळ्यांची पिशवी, रक्त, कान, डोळे

विस्मरण वाढवणारी आणि उपचार होण्यासारखी कारणं आधी शोधा. हे राहून गेलं तर पुढचे सगळे टप्पे अर्ध्या ताकदीनं चालतात.

रक्ततपासणी. बी12, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची साखर (एचबीए1सी) झालेली आहे का, ते फाईल उघडून बघा. शुद्ध शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असेल आणि सकाळी उठून अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलही घेत असेल, तर बी12 कमी असण्याची तीन कारणं एकाच घरात नांदत आहेत.

गोळ्या. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. सगळ्या म्हणजे सगळ्या: उशीखालची झोपेची, पर्समधली सर्दीची, शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघ्याची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या, क्लोरफेनिरामाइन असलेल्या सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, अमिट्रिप्टिलिन या म्हातारपणी स्मरणशक्तीला धुकं आणतात. यातलं काय कमी करता येईल, हे डॉक्टरांना थेट विचारा.

> सावधान: झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका. ती हळूहळू, डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच उतरवायची असते.

ब्राह्मी, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) वगैरेंबद्दल हमखास विचारलं जातं. गिंकोची चाचणी अमेरिकेत तीन हजारांहून जास्त ज्येष्ठांवर झाली होती. 2008 साली निकाल आला, डिमेन्शिया काही कमी झाला नाही. ब्राह्मीनं एमसीआय थांबतं असंही सिद्ध झालेलं नाही. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गिंकोनं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. म्हणून कुरिअरनं आलेली डबीही त्याच पिशवीत जाऊ द्या.

कान. टीव्हीचा आवाज शेजारी ऐकू जात असेल तर आधी कानातला मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. जे कानात शिरलंच नाही ते लक्षात राहणार कसं? 2023 साली आलेल्या अचीव्ह नावाच्या चाचणीत, ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळातच जास्त होता अशा ज्येष्ठांत श्रवणयंत्र दिल्यावर तीन वर्षांतली बौद्धिक घसरण जवळजवळ निम्म्यानं मंदावली. धोका कमी असलेल्या गटात मात्र फरक दिसला नाही. आणि यंत्र कपाटात ठेवलं तर अर्थातच काहीच होणार नाही. पहिले काही दिवस रोज एक-दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावायचं आणि मग वेळ वाढवत न्यायचा.

मोतीबिंदू, घोरणं आणि उदासपणा यांची चौकशी याच भेटीत उरकून घ्या. घोरता घोरता मध्येच श्वास अडकत असेल तर ते आवर्जून सांगा. आणि आई आताशा भजनी मंडळात जात नाही ती विसरण्यामुळे, की मनच लागत नाही म्हणून, हे डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार आहे.

इंदूरच्या मराठी घरांसाठी खास एक गोष्ट. घरात मराठी, शाळा हिंदीत, नोकरी इंग्रजी कागदांत, अशी इथली बरीच माणसं आहेत. स्मृतिचाचणी ज्या भाषेत त्यांना सहज विचार करता येतो त्याच भाषेत व्हावी, असा आग्रह धरा. शिक्षण किती वर्षं झालं तेही सांगा. मोका या 30 गुणांच्या चाचणीत 12 वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. पुढच्या वेळची चाचणीसुद्धा त्याच भाषेत घ्यायला सांगा, नाहीतर दोन निकालांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

पुढे जाण्याआधी बघा: रिपोर्ट फाईलला लागले का? गोळ्यांची नवी यादी एका कागदावर आली का? छातीत दुखणं, धाप, चक्कर किंवा अलीकडे पडणं झालं असेल, तर व्यायामाची परवानगी डॉक्टरांकडून घेतली का?

## टप्पा 2: एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा

सगळ्यांना वगळावासा वाटणारा टप्पा हाच. पण आज माणूस कुठे आहे हे माहीत नसेल तर तीन महिन्यांनी फरक पडला की नाही, ते कशावरून ठरवणार?

एक साधी वही घ्या. रोज किती मिनिटं चालले, रात्री किती झोपले आणि दुपारी किती, कुठली गोळी चुकली, घराबाहेरच्या किती माणसांशी बोलले, एवढंच लिहा. शक्यतो ज्यांचा कार्यक्रम आहे त्यांनीच लिहावं. अक्षर लागत नसेल तर नातीनं लिहावं.

रक्तदाब मोजताना मात्र पद्धत सोडू नका. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचा. दोन दिवस उभं राहिल्यावर एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना आधी ते दाखवा. पहाटे बाथरूममध्ये होणाऱ्या पडझडीमागे अनेकदा हेच असतं.

पायांची ताकद बघायला भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर घडी करून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा आणि तारीख घालून लिहा. शेजारी एक जण उभा असू द्या.

> सावधान: या आठवड्यात, आणि नंतरही, घरी परीक्षा घेऊ नका. 'बाबा, काल काय जेवलात सांगा बरं?' 'आई, ह्या कोण, ओळखलंत का?' असे प्रश्न पाहुण्यांसमोर विचारले जातात तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा जरा बघा. स्मरणशक्ती त्यानं वाढत नाही. माणूस बोलायचंच कमी करतो. 'ह्या सुदामा नगरच्या जोशी काकू, तुमच्या भिशीतल्या' असं सांगून ओळख करून दिली की गप्पा सुरू होतात.

आठवड्याच्या शेवटी एकच प्रश्न विचारा: 'तुम्हाला स्वतःला काय जमायला हवंय?' उत्तर 'मेंदू सुधारायचाय' असं नसतं. ते असतं 'सानंदच्या (इथल्या मराठी नाटकांच्या संस्थेच्या) नाटकाला मैत्रिणीबरोबर जाता यायला हवं, कुणी पोचवायला नको' किंवा 'नातवाला पत्ते शिकवायचेत'. वहीच्या पहिल्या पानावर ते त्यांच्याच शब्दांत लिहा. कार्यक्रम त्यांचा आहे, तुमचा नाही. ज्या घरांत हे उलटं झालं तिथे दुसऱ्या महिन्यात आजोबा चपला लपवून ठेवतात.

## टप्पा 3: घर लावून घ्या

हे एका रविवारचं काम आहे.

किल्ल्या, चष्मा, मोबाइल आणि पाकीट यांच्यासाठी दाराजवळ एकच ट्रे. भिंतीवर एकच कॅलेंडर, मग कालनिर्णय असो की लाला रामस्वरूप. चौकटीत मोठ्या अक्षरात लिहायचं आणि रात्री झोपताना दिवस खोडायचा. फ्रिजवर चिठ्ठ्या, मोबाइलवर अलार्म, शिवाय तीन डायऱ्या असं केलं तर कुठे बघायचं हेच विसरायला होतं. गोळ्यांसाठी सात दिवसांचा, सकाळ-रात्र कप्प्यांचा डबा घ्या. तो रविवारी त्यांनी स्वतः भरायचा आणि तुम्ही फक्त नजर टाकायची.

बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला दांडा, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा आणि घसरणारी पायपुसणी बाहेर. पायात पाठपट्टा असलेली, न घसरणारी चप्पल.

पैशाचा विषय अवघड वाटतो म्हणून टाळला जातो. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवा, पण व्यवहार हातातून काढून घेऊ नका. 'पोलिसांतून बोलतोय, फोन ठेवू नका' असा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि घरच्यांना लावायचा, हे ट्रेजवळ लिहून चिकटवा. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930. मृत्युपत्र, नॉमिनेशन वगैरे आत्ताच उरका, कारण आज त्यांना सगळं समजतंय आणि त्यांचं म्हणणं त्यांनाच मांडता येतंय.

## टप्पा 4: पाय

सगळ्यात जास्त पुरावा आणि सगळ्यात जास्त टाळाटाळ, दोन्ही इथेच आहे.

पहिले तीन आठवडे फक्त चालणं. वहीत आज 10 मिनिटं असतील तर 10 पासूनच सुरू करा. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज 30 मिनिटांपर्यंत न्या. वेग असा की चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मेघदूत बागेतल्या बाकावर दोन तास गप्पा मारणं चांगलंच आहे, फक्त ते चालण्याच्या खात्यात मांडायचं नाही.

इंदूरची हवा बघून वेळ ठरवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला मफलर गुंडाळून निघायचा हट्ट सोडा. थंडीत रक्तदाब चढतो, धुरकट हवा खाली बसलेली असते आणि अंधारात कुत्री मागे लागतात. साडेआठचं ऊन उत्तम. एप्रिल-मेमध्ये उलट, सातच्या आत घरात. पावसाळ्यात गच्चीच्या जिन्यावर नाही, घरातच हॉल ते स्वयंपाकघर चाला.

> सावधान: मधुमेहासाठी ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड किंवा इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी चालायला जाऊ नका. खिशात साखरेच्या पुड्या असू द्या. घाम, थरथर, अचानक गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत आणि घरचे त्यालाच 'आज जास्त विसरतायत' म्हणून सोडून देतात.

चौथ्या आठवड्यापासून ताकद, आठवड्यातून दोनदा. जिम नको. स्वयंपाकघराचा ओटा आणि एक खुर्ची पुरते.

खुर्चीतून उठ-बस आधी नीट शिकवा, कारण ती चुकीची केली की गुडघे बोलतात आणि व्यायाम कायमचा सुटतो. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. बूड पुढे सरकवून खुर्चीच्या कडेवर आणायचं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, खांद्याइतक्या अंतरावर. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं आणि श्वास सोडत उठायचं. बसताना तीन मोजत हळूहळू खाली. धप्पकन बसलं तर अर्धा व्यायाम वाया जातो, कारण ताकद उतरतानाही वाढते. आठ वेळा, दोन मिनिटं विसावा, पुन्हा आठ वेळा. सुरुवातीला हातांचा आधार चालेल.

त्यानंतर ओट्याला धरून टाचा उचलणं आणि भिंतीवर हात टेकून दंड. श्वास कधीच रोखायचा नाही. मोठ्यानं आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो.

तोल, आठवड्यातून तीन दिवस. ओट्याजवळ एका पावलापुढे दुसरं, टाचेला अंगठा लावून उभं राहायचं. जमलं की तसंच ओट्याच्या कडेनं चालायचं. हात ओट्याच्या वर, न टेकता, पण लगेच धरता येईल असा. चहा उकळेपर्यंत हे होऊन जातं आणि म्हणूनच टिकतं.

बघा: दुसऱ्या दिवशी अंग थोडं दुखलं तर चालेल. सांधा सुजला किंवा दुखणं दोन दिवसांवर गेलं तर मात्रा निम्मी करा, बंद करू नका. छातीत दुखलं, धाप शमेना किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

## टप्पा 5: रक्तदाब, साखर, उपवास

2019 मधल्या स्प्रिंट-माइंड अभ्यासात वरचा रक्तदाब 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवलेल्या गटात एमसीआय होण्याचं प्रमाण कमी दिसलं. याचा अर्थ घरी बसून गोळी वाढवायची असा नाही. उभं राहिल्यावर दाब उतरणाऱ्या माणसाचं लक्ष्य वेगळं असतं. तुमचं काम वही दाखवण्याचं, आकडा ठरवण्याचं डॉक्टरांचं.

एकादशी, चतुर्थी, गुरुवार. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, ते कुणी ऐकतही नाही. पण उपवासाच्या दिवशी साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांच्या डब्यात ठेवा. सकाळी नेहमीची गोळी, दुपारपर्यंत पोटात नुसता चहा आणि मग ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, यात साखर आधी तळाला जाते आणि मग आभाळाला भिडते.

## टप्पा 6: ताट

आहारावरून घरात सगळ्यात जास्त वाद होतात आणि एकट्या आहारानं मिळतं त्या मानानं थोडं. मेंदूसाठी म्हणून नावाजलेल्या माइंड आहाराची मोठी चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनंतर तो आहार घेणारा गट आणि नुसतं वजन कमी करणारा गट यांच्या स्मरणशक्तीत ठळक फरक निघाला नाही. म्हणून आक्रोड-ब्लूबेरीवर पैसे उधळू नका. हृदयाला जे चांगलं ते करा आणि पुढे चला.

इंदूरात पहिला मुद्दा मिठाचा. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट चमचा. पोह्यांवर शेव, वर जीरावन मसाला, जेवणात पापड-लोणचं आणि चार वाजता चहाबरोबर पुन्हा शेव: तो चमचा दुपारीच संपतो. शेवेशिवाय पोहे म्हणजे अन्याय, हे मान्य. मग शेव डब्यातून नाही, एका छोट्या वाटीतून घ्यायची आणि वाटी एकदाच भरायची. पोह्यांत मटार, शेंगदाणे आणि वर मोड आलेल्या मटकीची उसळ घातली की प्रथिनंही येतात.

प्रथिनं ही दुसरी गोष्ट. रोज वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम लागतात, म्हणजे 60 किलोच्या आजींना 60 ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत 5-6 ग्रॅमच असतात. त्यामुळे 'वरण-भात खाते की' म्हणणाऱ्या आजी निम्म्यावरही पोचत नाहीत. घट्ट डाळ, दही, पनीर, उसळ, खात असतील तर अंडं असं दर जेवणात काहीतरी हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

पालेभाजी रोज, फळ रोज, तळलेलं आठवड्यातून एकदा. गराडूच्या (तळून खायच्या कंदाच्या) दिवसांत हा नियम मोडणार, हे धरूनच चला. रात्रीचं जेवण आठच्या आत. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, नाहीतर रात्री झोप येत नाही आणि गाडी पुन्हा अल्प्राझोलामवर जाते.

## टप्पा 7: डोक्याचं काम

पाय आणि ताट मार्गी लागले की साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात हे सुरू करा.

रामरक्षा, मनाचे श्लोक, लहानपणीचे पाढे घडाघडा म्हणता येतात म्हणून घरचे खूश असतात. त्यानं मन शांत होतं, जरूर म्हणा. पण पाठ असलेलं म्हणण्यात मेंदूला नवं काही करावं लागत नाही. व्यायाम व्हायचा तर काम थोडं नवं हवं, थोडं अवघड हवं आणि शेवटी हाती काहीतरी लागायला हवं. तेच स्तोत्र पाठ असेल तर न येणारा एखादा अध्याय रोज दोन ओळी पाठ करा. शब्दकोडं रोज सहज सुटत असेल तर दुसरं काही शोधा.

मला खेळांपेक्षा खरी जबाबदारी जास्त पसंत आहे. आपल्याकडे रोज सकाळी निगमची कचरागाडी गाणं वाजवत येते. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरातला घातक कचरा, सॅनिटरी: सहा प्रकार वेगळे करायचे आणि वेळेवर खाली घेऊन जायचे. हे काम बाबांना पूर्णपणे देऊन टाका. यात वर्गीकरण आहे, वेळ पाळणं आहे, चालणं आहे आणि दारात चार माणसांशी बोलणंही आहे. चुकून ओल्यात प्लास्टिक गेलं तर गाडीवाला सांगेलच. तुम्ही सांगू नका.

दुसरं काम भाजीचं. पाच वस्तू ठरवायच्या, यादी लिहायची, पण खिशात ठेवायची. आठवून भाजी घ्यायची, शेवटी यादी काढून ताडून बघायचं आणि हिशेब मनात करायचा. पाच जमल्या की सात.

नवं नाव किंवा नवी कृती लक्षात राहायला हवी असेल, समजा कामाला येणाऱ्या नव्या ताईंचं नाव, तर अशी पद्धत आहे: आधी नाव सांगा आणि लगेच म्हणून घ्या. एक मिनिटानं विचारा, मग तीन, मग दहा, मग अर्ध्या तासानं. चुकलं तर अंदाज करायला लावू नका, लगेच बरोबर उत्तर द्या आणि अलीकडच्या अंतरावर परत या. 'आठवा, आठवा' म्हणत ताणलं की चुकीचंच नाव पक्कं बसतं. ही परीक्षा नाही. शिकायचं काय ते त्यांनी निवडलेलं असतं आणि जवळ तिसरं कुणी नसतं.

मोबाइलवरच्या 'ब्रेन गेम'चं सशुल्क सदस्यत्व घेण्याची घाई नको. खेळात गुण वाढतात, पण त्यानं गॅस बंद करायची आठवण वाढेलच असं नाही.

## टप्पा 8: माणसं आणि वेळापत्रक

फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1260 लोकांवर दोन वर्षं झालेली फिंगर चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, हे चारही एकत्र केल्यावर फरक दिसला. 2025 मध्ये आलेल्या यूएस पॉइंटर या अमेरिकन चाचणीत एका गटाला ठरलेलं वेळापत्रक आणि नियमित बैठका दिल्या, दुसऱ्याला साधारण हेच 'तुमचं तुम्ही करा' म्हणून सांगितलं. सुधारले दोन्ही, पण वेळापत्रकवाले जास्त. या दोन्ही चाचण्यांतले लोक धोका असलेले होते, एमसीआयचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. त्यामुळे 'हे करा, बरे व्हाल' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर उठून या. पण विचारणारं कुणीतरी हवं, हे तेवढं घ्या.

घरात ते असं बसवा. रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं वही उघडायची. वाचणार आई किंवा बाबा स्वतः. मागच्या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात कोणती एकच गोष्ट वाढवायची. परगावची मुलं व्हिडिओ कॉलवर असली तर ऐकायचं काम त्यांचं. रोज फोन करून 'चाललात का? बदाम खाल्लेत का?' हे त्यांनी बंद करायचं आणि त्याऐवजी इंदूरात आज काय चाललंय ते विचारायचं.

आठवड्यात निदान तीनदा घराबाहेरच्या माणसांत जाणं व्हावं. भजनी मंडळ, भिशी, पत्त्यांचा अड्डा, काहीही. मंडळातल्या एकाच विश्वासू मैत्रिणीला निदान सांगून ठेवा, त्यांची परवानगी घेऊन. मग एखादं नाव अडलं तर ती सहज पुढे करते आणि जाणं बंद पडत नाही. बाबा एकटेच राहत असतील आणि कुणाशी बोलायची सोय नसेल, तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते.

सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला आठवड्यातली एक दुपार पूर्ण मोकळी द्या. हे वेळापत्रकातच लिहा, नाहीतर ते होत नाही.

## टप्पा 9: तीन महिन्यांनी

खुर्चीची उठ-बस, रक्तदाबाचा आठवडा, चालण्याची मिनिटं पुन्हा तशीच मोजा आणि पहिल्या पानावरचं वाक्य वाचा. नाटकाला मैत्रिणीबरोबर जाऊन आल्या का? स्मृतिचाचणीचे गुण तीन महिन्यांत हलले नाहीत तरी कार्यक्रम फसला असं नाही. तेवढेच राहणं हेही मिळवलेलं आहे.

एखादा भाग अजिबात टिकत नसेल तर ओढाताण न करता बदला. चालणं आवडत नसेल तर खुर्चीतला व्यायाम वाढवा. आजारपण किंवा लग्नसराईत दोन आठवडे खंड पडला तर सोडलं होतं तिथून नाही, निम्म्यापासून सुरू करा.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर सहा महिन्यांची तारीख येईपर्यंत थांबू नका: रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, गॅस वारंवार चालू राहणं, बिलं किंवा गोळ्या आता स्वतः सांभाळता न येणं, नसलेली माणसं दिसणं, स्कूटरला नवे नवे ओरखडे. स्कूटरचं बोलणं मुलानं करण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून झालेलं बरं, घरात कटुता येत नाही.

एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, माणूस भलतंच बोलू लागला किंवा नुसता झोपून राहू लागला, तर ते एमसीआय वाढल्यामुळे नसतं. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवी गोळी, पडून डोक्याला लागलेला मार यांपैकी काहीतरी असतं. त्याच दिवशी दाखवा. आणि तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांतलं एक जरी दिसलं, तरी 108 लावा. लक्षणं कितीला सुरू झाली ती वेळ कागदावर लिहा आणि गोळ्यांची यादी बरोबर घ्या.